एक कॉट रिकामी आहे

जून लागला की पुण्यातल्या नव्या पेठेत, सदाशिव पेठेत रिक्षांतून गाद्या उतरायला लागतात. शास्त्री रस्त्याच्या दोन्ही अंगांना अभ्यासिका, मेस, झेरॉक्सची दुकानं, आणि जिथे जागा मिळेल तिथे चिकटवलेले कागद : ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा’. नांदेड, बीड, यवतमाळ, नंदुरबारहून आलेली मुलगी, सोबत वडील नाहीतर भाऊ, आणि एकामागून एक फिरवले जाणारे त्या कागदांवरचे नंबर. त्यांतला एक नंबर माझा. आमच्या इमारतीतला तळमजल्याचा फ्लॅट सासऱ्यांच्या माघारी आम्ही स्पर्धा परीक्षेच्या मुलींना देतो. दोन खोल्या, सहा कॉट, एक स्वयंपाकघर, एक बाथरूम. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो.

या सगळ्या व्यवहारात मला सगळ्यात जबाबदारीचं काम वाटतं ते जागा कोणाला द्यायची हे ठरवण्याचं. भाडं बाजार ठरवतो, करार वकील लिहून देतो. पण एक कॉट रिकामी झाली आणि पंधरा जणींनी विचारलं, तर चौदा जणींना नाही म्हणावंच लागतं. ते कशावरून म्हणायचं, हे मात्र सर्वस्वी माझ्या हातात असतं. तिथे मला कोणी बघत नाही, कोणी जाब विचारत नाही. म्हणूनच त्याचा विचार मी फार केला आहे.

फोन घेताना एक गोष्ट लवकरच लक्षात येते. मी काही विचारण्याआधीच माणसं स्वतःबद्दल सांगायला लागतात. “आम्ही अमुक. घरात माळकरी वातावरण आहे. मुलगी अंडंसुद्धा खात नाही.” वडिलांना ठाऊक असतं की पलीकडून हाच प्रश्न येणार, तेव्हा ते उत्तर आधीच देऊन टाकतात. आणि मग दुसऱ्या तऱ्हेचे फोन. मागच्या वर्षी एका मुलीने स्वारगेटवरून फोन केला होता. बसचे आवाज, माणसांचे आवाज, त्यातून ती म्हणाली, “मॅडम, एक आधीच सांगते, मी मुस्लिम आहे. चालत नसेल तर तसं सांगा, म्हणजे मी येत नाही.” तिच्या आवाजात राग नव्हता. दिवसभरात ती बऱ्याच ठिकाणी जाऊन आली होती आणि नाव सांगितल्यावर ‘आत्ताच दिली हो जागा’ हे ऐकून परत फिरली होती. आता तिला फक्त रिक्षाचे पैसे आणि पाय वाचवायचे होते.

मी तिला सांगितलं की तिच्याआधी दोघींनी वेळ घेतली आहे; त्या नको म्हणाल्या तर तिसरा नंबर तिचा. तोवर घराचे नियम पाठवते, ते वाचून ठेव. ती थोडी थांबली आणि तिने परत विचारलं, “म्हणजे चालेल?” नंबर लावून थांबायला सांगणं हीसुद्धा तिच्यासाठी नवी गोष्ट होती.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना गावात राहायला जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. ते उघडकीला आलं, काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांकडे विचारणा केली. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर काम सोडून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. मग मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. ही हकिगत आपल्याकडे अनेकांना माहीत असते. मला त्यातली त्या दोन मित्रांची उत्तरं विसरता येत नाहीत, कारण ती मी आजही ऐकते. “माझं काही नाही हो, पण बाकीच्या मुली काय म्हणतील?” “मिस्टरांना विचारून कळवते.” स्वतः नाही न म्हणता नकार द्यायची ही पद्धत शंभर वर्षांत जराही झिजलेली नाही.

ही काही एकट्यादुकट्याची तक्रार नाही. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास करून तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. फोनवरून घर विचारताना नावावरून जात-धर्म कळेल अशी योजना होती. उच्चवर्णीय नावाच्या एकालाही थेट नकार मिळाला नाही. दलित नावांपैकी सुमारे १८ टक्के आणि मुस्लिम नावांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना फोनवरच नकार मिळाला. घर बघणं नाही, भाड्याची घासाघीस नाही, फक्त नाव.

आणि कायदा? संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. तिथे जात, धर्म, लिंग यावरून कोणाला अडवता येत नाही. भाड्याने द्यायचं खासगी घर त्या यादीत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला राहत्या जागेपासून अडवणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण ‘आत्ताच दिली हो जागा’ म्हणणाऱ्या माणसाने कारण सांगितलेलंच नसतं. जे बोललंच गेलं नाही ते सिद्ध कसं करायचं? म्हणजे तिथे उरतो तो घरमालकाचा स्वतःचा न्याय.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं ते असं : दुकान वेगळं, घर वेगळं. एका खोलीत तिघी झोपणार, एका ओट्यावर सहा जणी चहा करणार. तिथे आवडनिवड चालणारच. हा मुद्दा मला खोटा वाटत नाही. एकत्र राहणं ही फार जवळची गोष्ट आहे. परक्या माणसाच्या घोरण्याइतक्या अंतरावर झोपायचं म्हणजे ते माणूस कसं आहे हे बघायलाच हवं. पण मग ते खरोखर बघा ना! आमच्या तळमजल्यावर इतक्या वर्षांत जी भांडणं झाली ती सगळी मला आठवतात. रात्री एकपर्यंत चालू राहणारी ट्यूब. पहाटे साडेचारचा गजर, जो लावणारीला सोडून सगळ्यांना जागं करतो. सहाला गीझर लावून साडेसहापर्यंत बाथरूम अडवणं. खरकटी भांडी. बेसिनमधले केस. कानात काही न घालता मोठ्याने लावलेलं लेक्चर. दुसरीच्या डब्यातली साखर. पूर्वपरीक्षेच्या आदल्या रात्री मित्राशी दाराबाहेर तासभर फोनवर चाललेलं भांडण. यातल्या एकाही भांडणाला आडनाव कारण झालेलं नाही. ज्या दोघी एकाच तालुक्यातल्या, एकाच जातीच्या, एकमेकींच्या ओळखीतून आल्या होत्या, त्यांच्यात झालेला अबोला सगळ्यात लांबला होता आणि त्याचं कारण पंखा होतं.

म्हणून मी विचारते ते हेच. किती वाजता झोपता, किती वाजता उठता. अभ्यास खोलीत करणार की अभ्यासिकेत. उजेडात झोप लागते का. स्वयंपाक करणार की मेस लावणार. सकाळी कितीला बाहेर पडावं लागतं. भाडं महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत जमतं. आधी कुठे राहत होतात आणि ती जागा का सोडली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी विशेष लक्षपूर्वक ऐकते. आधीच्या जागेबद्दल सगळा दोष दुसऱ्यांचा असेल तर मी आणखी दोन प्रश्न विचारते. हे सगळे प्रश्न एका कागदावर लिहिलेले आहेत आणि प्रत्येकीला त्याच क्रमाने विचारले जातात. हा कागद मला फार महत्त्वाचा वाटतो. समोरची मुलगी गोड बोलणारी असली, किंवा माझ्या माहेरच्या बाजूची निघाली, की प्रश्न आपोआप कमी व्हायला लागतात. अनोळखी बोलीची, जरा घाबरलेली मुलगी असली की ते वाढतात आणि त्यांना चौकशीचा सूर येतो. कागद समोर असला की दोघींना सारखंच विचारलं जातं.

कागदावर काय नाही, तेही सांगते. आडनाव नाही, ते करार करताना कळतंच. ‘तुमच्यात काय चालतं’ नाही. लग्न झालंय का, मोडलंय का, नाही. वडील काय करतात, नाही. आणि घराचे नियम जागा बघायला येण्याआधी पाठवलेले असतात, सगळ्यांना तेच. माणूस बघून नियम आठवायला लागले की समजावं, तो नियम त्या माणसासाठी बनवलेला आहे.

नंबरही तसाच. ज्या क्रमाने फोन आले त्या क्रमाने बघायला बोलवायचं, आणि कागदावरच्या प्रश्नांची उत्तरं घरातल्या दिनक्रमाशी जुळणारी जी पहिली मुलगी भेटेल तिला हो म्हणायचं. सगळ्यात चांगली कोण, हे शोधत बसायचं नाही. दहा जणींतून ‘सगळ्यात चांगली’ निवडायला गेलं की मन आपल्यासारखीच्याच बाजूने झुकतं.

नाही म्हणताना कारण सांगायचं, हा मी स्वतःला घातलेला नियम. एका नर्सला मी नाही म्हटलं होतं. तिची ड्यूटी रात्री संपायची, ती दोनला घरी येणार, आणि त्या खोलीतल्या दोघी दहाला झोपून चारला उठणाऱ्या. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, दाराजवळच्या खोलीतली कॉट मिळाली तर मला कोणाला ओलांडून जावं लागणार नाही, दिवाही लावावा लागणार नाही. त्या खोलीतल्या मुलीला विचारलं, ती आत जायला आनंदाने तयार झाली, कारण आतल्या खोलीत गार असतं. नर्स पुढे दीड वर्ष राहिली. खरं कारण सांगितलं की समोरच्याला त्यावर उत्तर देता येतं, तोड काढता येते. ‘आत्ताच दिली जागा’ याला उत्तरच नसतं.

आधीपासून राहणाऱ्या मुलींना विचारायचं की नाही, हा अवघड भाग. राहायचं त्यांना आहे, तेव्हा विचारायलाच हवं. नवी मुलगी बघायला येते तेव्हा त्या तिच्याशी बोलतात, मी मुद्दाम वर निघून जाते. पण हरकत घ्यायची असेल तर ती मला तोंडाने, कारणासकट सांगायची. ‘बरी नाही वाटली’, ‘आपल्यातली नाही वाटत’ एवढं पुरत नाही. काय बरं वाटलं नाही? बोलताना फोनवरच होती? रात्री जागणार म्हणाली? एकदा एकीने बराच वेळ घुटमळून सांगितलं, “काकू, ती ईशान्येकडची आहे, तिच्या जेवणाचा वास येईल.” मी म्हटलं, वासाबद्दल आपला नियम आहेच, खिडकी उघडायची आणि झाकण ठेवायचं, सुक्या बोंबलाला तो लागू आहे, फोडणीच्या मिरचीलाही आहे. ती मणिपूरची मुलगी राहायला आली. वासाचं भांडण एकदा झालं, तेही लसणाच्या ठेच्यावरून, आणि ठेचा करणारी साताऱ्याची होती.

स्वयंपाकघराबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण जागा नाकारण्यासाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं कारण तेच. एखादी मुलगी शाकाहारी असते, तिला वेगळा तवा, वेगळी कढई हवी असते. तिची भावना खरी असते आणि मी ती मानते. ती आपली भांडी आपल्या फळीवर ठेवते, बाकीच्या त्यांना हात लावत नाहीत. तिचा हक्क तिच्या भांड्यापुरता. दुसरीच्या भांड्यात काय शिजतं यावर तो पोचत नाही. ‘फक्त शाकाहारी’ असं लिहून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते लिहिणारा प्रत्येक जण मनात काही धरून लिहितो असंही मी म्हणणार नाही. पण महाराष्ट्रात त्या दोन शब्दांनी कोण बाहेर राहतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

अशा वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या आणखी दोन अटी आहेत. एक, ‘ओळखीतूनच देतो’. ओळख कोणाची? माझ्या ओळखीची माणसं म्हणजे माझे नातेवाईक, सासऱ्यांच्या ऑफिसातली माणसं, भिशीतल्या बायका. त्यांच्या ओळखीची माणसं पुन्हा त्यांच्यासारखीच. कोणाचंही नाव न घेता, कोणालाही नाही न म्हणता, अर्धा महाराष्ट्र दाराबाहेर राहतो. दुसरी अट पुण्यात राहणाऱ्या ‘लोकल गार्डियन’ची. ऐकायला काळजीची वाटते. पण गडचिरोलीतल्या गावातून शिकायला आलेली घरातली पहिली मुलगी पुण्यातला मामा कुठून आणणार? ज्यांच्या मागच्या दोन पिढ्या शहरात आल्या, त्यांच्याकडेच असा मामा असतो. आम्ही दोन्ही अटी काढल्या. अडीअडचणीला कोणाला फोन करायचा, एवढं विचारतो. ते आईबाप असोत नाहीतर गावातले शिक्षक.

मला या बाबतीत नेहमी साताऱ्याची आठवण येते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह सुरू केलं आणि पुढे एकेका समाजासाठी वेगळी वसतिगृहं उभी राहिली. १९०८ चं मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी होतं. त्या काळात ती पायरी आवश्यकच होती, नाहीतर ती मुलं शिकलीच नसती. याच मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेल्यामुळे जैन वसतिगृहात राहणाऱ्या भाऊराव पाटलांना तिथली जागा सोडावी लागली. राहत्या जागेतून काढलं गेलेल्या त्या विद्यार्थ्याने १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह काढलं. एकत्र राहणं, एकत्र स्वयंपाक, एकत्र पंगत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असं नामकरण झालं. लक्ष्मीबाई पाटील त्या मुलांना जेवू घालत आणि पैसे संपले तेव्हा त्यांनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्या स्वतः सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातून आलेल्या होत्या. आज कोणी मला म्हणालं की वेगवेगळ्या घरच्या मुली एका ओट्यावर जमणार नाहीत, तर मी लक्ष्मीबाईंचं नाव सांगते. हे शंभर वर्षांपूर्वी या राज्यात करून झालेलं आहे.

सोसायटीशी माझा वाद झाला तो वेगळाच. समितीतल्या काहींनी ‘कोण राहणार त्याची आधी मंजुरी घ्या’ असं सांगितलं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला कळवावं लागतं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती द्यावी लागते; पूर्वपरवानगी लागत नाही. भाड्याने दिला म्हणून आकारायचं शुल्कसुद्धा २००१ च्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे कागद मी सभेत वाचून दाखवले. ज्यांना जागा द्यायची आहे अशा घरमालकांनी हे माहीत करून घ्यावं, कारण ‘माझं काही नाही, सोसायटीला चालत नाही’ हेही आपल्याकडचं एक आवडतं उत्तर आहे.

कागदपत्रांचं म्हणाल तर क्रम महत्त्वाचा. जागा बघायला येणाऱ्या कोणाकडूनही मी आधारची झेरॉक्स घेत नाही. आधी हो म्हणायचं, मग ओळखपत्र, फोटो, गावाकडचा पत्ता. ते पोलिसांना द्यायच्या माहितीसाठी आणि करारासाठी लागतंच. लिव्ह अँड लायसन्सचा करार प्रत्येकीशी वेगळा, अकरा महिन्यांचा, नोंदणी केलेला. कॉट बेसिसवर पुष्कळ ठिकाणी तोंडीच कारभार असतो. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे लेखी, नोंदणीकृत करार ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. अंगठा घ्यायला मशीन घेऊन माणूस घरी येतो, अर्ध्या तासाचं काम. मुलीच्या हातात तिच्या नावाचा करार असला की तिला बँकेत, गॅसच्या जोडणीला, कुठेही पत्ता दाखवता येतो, आणि मध्यरात्री ‘उद्या खोली सोड’ असं तिला कोणी म्हणू शकत नाही. मीसुद्धा.

स्वारगेटवरून फोन केलेल्या मुलीचा नंबर लागला. आधीच्या दोघींपैकी एकीला अभ्यासिकेजवळ जागा मिळाली, दुसरीला भाडं जास्त वाटलं. ही मुलगी पहाटे उठणारी आहे, आमच्या आतल्या खोलीला ते जुळतं. गेल्या महिन्यात तिने मुख्य परीक्षेचे पेपर दिले.

आता माझ्यापुढे प्रश्न आहे डिपॉझिटचा. आम्ही दोन महिन्यांचं घेतो, सगळ्यांकडून सारखंच, म्हणून मला ते न्याय्य वाटत होतं. पण या वर्षी दोन मुली सगळं जुळूनही येऊ शकल्या नाहीत, कारण भाडं आणि डिपॉझिट मिळून पहिल्याच दिवशी तीन महिन्यांचे पैसे त्यांना जमेनात. एकीची आई ऊसतोडीला जाते. या जूनपासून डिपॉझिट एकाच महिन्याचं घ्यायचं, सध्या राहणाऱ्या मुलींना जास्तीचं परत द्यायचं, असं मी सुचवलं आहे. यजमानांचं म्हणणं, गेल्या पावसाळ्यात गीझर आणि नळ मिळून जो खर्च आला तो एका महिन्यात भागला नसता. तेही बरोबर आहे. गीझरचा खर्च मुलींच्या डिपॉझिटमधून का काढायचा, तो आपण सोसायचा, असं मी म्हणते. मे अखेरीपर्यंत आम्हाला ठरवायला हवं, कारण कागद छापायला टाकायचे आहेत आणि त्यावर आकडा आधी लिहायला लागेल.